आगोटीची बेगमी

कोकणात ‘आगोट’ असा एक शब्द आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे, पावसाच्या तोंडाशी येणारे जे दिवस, त्यांना आगोट म्हणतात. या दिवसांत घराघरांतून एकच धांदल उडते. घराची शाकारणी करावयाची, सरपण माळ्यावर चढवावयाचे, मीठ-मिरची, सुकी मासळी, आमसुले यांचा साठा करावयाचा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चार महिने पुरेल इतके धान्य घरात आणून ठेवावयाचे. या साठवणुकीला ‘आगोटीची बेगमी’ असे नाव आहे. आज ही बेगमी पुष्कळशी हौसेची झाली आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, तिच्यावर कोकणातील कुटुंबांचे जगणे अवलंबून होते.

त्यावेळचे कोकण कसे होते, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. त्या काळी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. कोकण रेल्वेचा तर मागमूसही नव्हता. ती १९९८ साली सर्व मार्गावर धावू लागली. घाटातील रस्ते थोडे व तेही बिकट. मुंबईशी येणे-जाणे होई ते मुख्यतः समुद्रमार्गाने. आगबोटी बंदरोबंदरी थांबत आणि गलबते, मचवे यांतून माल उतरे. पावसाळा सुरू झाला व समुद्र खवळला की ही वाहतूक बंद पडे. मग नारळी पौर्णिमा उलटून समुद्र शांत होईपर्यंत खेड्यातील माणसांनी घरात जे असेल त्यावरच भागवावयाचे. दुकानात जाऊन आणू, ही सोय नव्हती. कारण खुद्द दुकानदाराकडेही आगोटीपूर्वी भरलेलाच माल असे.

कोकणात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, भाताची शेती होते, असे असताना धान्य कमी का पडावे, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे उत्तर तेथील भूमीत आहे. डोंगर, दऱ्या आणि जांभ्या दगडाचा कातळ यांनीच बरीचशी जागा अडविलेली. भाताची खाचरे सापडावयाची ती दोन डोंगरांमधील चिंचोळ्या पट्टीत. त्यातही पुष्कळ गावी खोती पद्धत होती. कूळ राबे, पण पिकाचा ठरलेला वाटा, कधी निम्मा तर कधी तिसरा हिस्सा, खोताच्या घरी पोहोचवावा लागे. उरलेले धान्य वर्षभर पुरत नसे. म्हणून घरातील एखादा तरुण मुंबईच्या गिरणीत कामाला जाई आणि महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर पाठवी. त्या पैशांतून जो तांदूळ विकत घेतला जाई, तो बहुधा ब्रह्मदेशाचा असे. रंगूनच्या बंदरातून तो जहाजाने मुंबईस येई व तेथून गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरे. लोक त्याला ‘रंगूनचा तांदूळ’च म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविणारा शेतकरी परदेशचा तांदूळ खाऊन पावसाळा काढीत होता, ही गोष्ट विलक्षण खरी. पण युद्ध येईपर्यंत तिचे कोणास फारसे वाटले नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले. पहिली दोन वर्षे त्याची झळ कोकणाला लागली ती महागाईच्या रूपाने. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सगळेच पालटले. जपानी सैन्य झपाट्याने ब्रह्मदेशात घुसले व ८ मार्च १९४२ रोजी रंगून त्याच्या हाती पडले. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरवर्षी १० ते २० लाख टनांच्या दरम्यान तांदूळ येत असे. तो एकाएकी थांबला. दिव्याच्या रॉकेलचा मोठा भागही ब्रह्मदेशातील तेलविहिरींतूनच येई. त्याचीही वाट बंद झाली. कोकणातील एखाद्या म्हाताऱ्याने रंगून कधी नकाशातही पाहिले नसेल. परंतु ते पडल्याबरोबर त्याच्या कणगीतील तांदूळ आणि ओसरीवरील कंदिलातील तेल या दोहोंनाही एकदमच ओहोटी लागली.

महिना होता मार्च. आगोट अवघी दोन-अडीच महिन्यांवर आलेली. त्याच सुमारास मुंबईवर बाँब पडतील या भीतीने चाकरमान्यांची कित्येक कुटुंबे गावाकडे परतली होती. म्हणजे तांदूळ घटला आणि खाणारी तोंडे वाढली. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम १९४२ मध्ये सुरू केली. पण पत्रके वाटून धान्य वाढत नाही. ते वाढवावयास बी, खत, पाणी आणि हात लागतात. कोकणातील लोकांजवळ यांपैकी हात तेवढे भरपूर होते आणि दुसरे होते ते जुन्या वहिवाटीचे ज्ञान.

भाताच्या खाचरांत वाढ करण्यास वाव थोडा. म्हणून लोक डोंगरउताराच्या वरकस जमिनीकडे वळले. या हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, पुढे वरी, मग हरीक किंवा तीळ अशी पिके घेऊन ती काही वर्षे पडीक ठेवण्याची रीत होती. नाचणीचे रोप दिसावयास सामान्य, पण तिचे गुण मोठे आहेत. तिचा दाणा बारीक व कठीण असल्यामुळे त्याला कीड सहजासहजी लागत नाही आणि नीट वाळविलेली नाचणी कित्येक वर्षे टिकते. तांदळापेक्षा तिच्यात चुना, म्हणजे ज्याला शास्त्रात कॅल्शियम म्हणतात तो, कितीतरी पटींनी अधिक असतो. नाचणीची भाकरी काळसर म्हणून पाहुण्यांपुढे वाढण्यास घरची माणसे संकोचत. युद्धकाळात तो संकोच मावळला. हरकाच्या बाबतीत मात्र जपावे लागे. पावसात भिजून बुरशी आलेला हरीक खाण्यात आला, तर माणसाला गुंगी येते. त्यामुळे तो चांगला वाळवून, पारखूनच कांडावयास घेत.

खाचरांतले भात कापले, की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ, वाल, पावटे, चवळी यांचे दुसरे पीक घेता येते. ओढ्याचे पाणी बांध घालून अडविता आले, तर उन्हाळ्यात पुन्हा भातही लावता येते. याला ‘वायंगण’ म्हणतात. गावकऱ्यांनी एकत्र येऊन दगड, माती व पेंढा यांचा कच्चा बांध घालावा, तो पहिल्या पावसात वाहून जावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालावा, अशी ही रीत आहे. तिला पैसा लागत नाही, पण गावात एकी मात्र लागते. ज्या गावी भावाभावांचे वाद कचेरीत चालले होते, तेथे ओढ्याचे पाणी बहुधा समुद्रासच मिळत राही.

खताची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. भाताचे रोप ज्या वाफ्यात तयार करावयाचे, त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजेच कवळ, पसरून उन्हाळ्यात ती जाळतात. याला राब भाजणे म्हणतात. या भाजणीने तणाचे बी व किडींची अंडी जळून जातात, राखेमुळे रोपाला पोषण मिळते आणि रोप लवकर, जोमाने वर येते. यात एक तोटा आहे. कवळासाठी दरवर्षी झाडे ओरबाडली जातात व डोंगर उघडे पडतात. ज्यांना हे दिसत होते, ते घरचा केरकचरा, चुलीतील राख व गोठ्यातील मूत भिजलेला पेंढा खड्ड्यात कुजवून खत करीत आणि कवळ बेताने तोडीत.

आता घरात डोकावून पाहू. कारण शेतात जेवढे धान्य वाढले, त्याहून अधिक धान्य घरात वाचले, असे म्हणावयास हरकत नाही. काटकसरीचे हे काम मुख्यतः बायकांच्या हातून झाले.

कोकणातील खेड्यात रोजच्या जेवणासाठी उकडा तांदूळ वापरीत. उकडा तांदूळ म्हणजे शिजविलेला तांदूळ नव्हे. भात टरफलासकट भिजत घालावयाचे, मोठ्या हंड्यात उकडावयाचे आणि वाळवून मग कांडावयाचे. या रीतीत दोन लाभ आहेत. उकडल्यामुळे दाणा घट्ट होतो व कांडताना त्याचा चुरा कमी होतो. तेवढ्याच भातातून अधिक अखंड तांदूळ मिळतो. शिवाय कोंड्यातील जीवनसत्त्व उकडताना आतल्या दाण्यात उतरते. गिरणीत सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात हे जीवनसत्त्व फार थोडे उरते, व केवळ त्यावर राहणाऱ्यांना बेरीबेरी नावाचा रोग जडतो. घरच्या मुसळाने कांडणाऱ्या आजीला जीवनसत्त्वाचे नावही ठाऊक नव्हते. परंतु तिची रीत शास्त्राला धरून होती.

या तांदळाची पेज करीत. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, ते पाणी न टाकता सर्वच्या सर्व प्यावयाचे, ही पेज. भाताचे पाणी निथळून टाकले, तर त्याबरोबर पोषणाचा अंशही जातो. पेजेत काहीच वाया जात नाही. तोंडी लावण्यास भाजलेला सुका बांगडा, लोणच्याची फोड किंवा कुळथाचे पिठले. सकाळी पेज पिऊन माणूस नांगर धरावयास जाई. युद्धाच्या वर्षांत ही पेज उत्तरोत्तर पातळ होत गेली. आषाढ महिना त्यात सर्वांत कठीण. जुने धान्य संपत आलेले, नव्याला अजून फूलही नाही आणि शेतात काम तर कमरेएवढे. त्या दिवसांत परसातील अळू, सुरण, करांदे, माळावर आपोआप उगवणारा टाकळा, भारंगीचा पाला यांनी पेजेला जोड मिळे. फणसाच्या आठळ्या उन्हाळ्यात मातीत घोळवून ठेवलेल्या असत. त्या पावसात काढून निखाऱ्यावर भाजल्या, म्हणजे पोरांची एक वेळ निभावे. फारच अडचण आली, तर आंब्याच्या कोयीतील गर भिजवून, त्याचा तुरटपणा घालवून, पीठ करीत. हे काही आवडीचे खाणे नव्हते.

भात साठविण्याची कणगी बांबूच्या कामट्यांची असे. ती शेणामातीने आतबाहेर लिंपून, वाळवून मग भरीत. धान्यात निरगुडीचा पाला घालीत, म्हणजे कीड दूर राही. कणगीवर झाकण असे आणि त्या झाकणाला हात लावण्याचा अधिकार घरातील थोरल्या बाईचा. ती रोजचा तांदूळ मापून काढी व कित्येक घरी मापल्यानंतर त्यातील एक मूठ पुन्हा कणगीत टाकण्याची चाल होती. महिन्याला तीस मुठी जमत. पाहुणा आला, कोणी आजारी पडले, तर याच मुठी उपयोगी पडत.

कणगीपेक्षाही जपून ठेवीत तो मुडा. पेंढ्याची घट्ट गुंडाळी वळून तिच्यात पुढच्या वर्षाचे बी भरून बांधतात, त्याला मुडा म्हणतात. चुलीच्या वर, माळ्यावर तो ठेवलेला असे. धुराने त्याला ओल लागत नाही व किडेही फिरकत नाहीत. जमिनीवर निजणाऱ्या उपाशी मुलाला तो नेमका डोळ्यांसमोर दिसावयाचा.

“आजी, मुड्यात भात आहे ना? मग पेज इतकी पातळ का?” असे एखादे मूल विचारी.

“ते भात नव्हे रे बाबा,” आजी म्हणे, “ते पुढच्या सालचे शेत आहे.”

ज्या घराने आषाढात मुडा सोडला, त्याला पुढच्या मृगावर सावकाराच्या दारी बियाण्यासाठी जावे लागे आणि तेथे एकाचे दीड मोजावे लागे. म्हणून घरातील भांडी मोडीत, दागिना गहाण ठेवीत. पण मुड्याची गाठ सोडीत नसत.

रॉकेल तुटपुंजे झाल्यावर रात्रीचे जेवण दिवेलागणीपूर्वीच उरकू लागले. कंदील एकच, तोही अभ्यासाला बसलेल्या मुलांपुरता. पुढे तोही खुंटीला लागला आणि मागे पडलेले उंडीचे व करंजाचे तेल पुन्हा पणतीत आले. उंडीची झाडे समुद्रकाठी पुष्कळ असतात. वटवाघळे वरचा गर खाऊन बिया खाली टाकतात. त्या पहाटे उठून गोळा करणे हे मुलांचे काम झाले. वाळलेल्या बिया घाण्यावर नेऊन तेल काढीत. ते तेल जळते, पण धूर फार व वास उग्र. त्या उजेडात वाचणाऱ्या मुलाच्या नाकपुड्या सकाळी काजळीने काळ्या होत. आगपेटी महाग झाली, तेव्हा चुलीतील निखारे रात्री राखेखाली जपून ठेवीत. ते विझले, तर सकाळी शेजारच्या घरी गोवरी घेऊन विस्तव आणावयास जावे लागे.

साखरेऐवजी गूळ, साबणाऐवजी रिठे आणि राख. कागद इतका दुर्मीळ झाला, की शाळेतील लिहिणे बहुतेक पाटीवर चाले. कापडाची टंचाई सर्वांत जाचक होती. कंट्रोलच्या दुकानातील लुगडे मिळाले तर मिळाले. जुन्या लुगड्याची वाकळ, फाटक्या धोतराची मुलाची चड्डी आणि उरलेल्या चिंधीची पणतीची वात, असा एकेका वस्त्राचा प्रवास होई.

सुट्या नाण्यांचीही चणचण भासू लागली. १९४० मध्ये एक रुपयाची कागदी नोट आली व रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा निघाला. धातू वाचविण्यासाठी ते भोक ठेवलेले. १९३९ च्या मानाने घाऊक बाजारातील भाव १९४४ पर्यंत सुमारे अडीचपट झाले होते. मुंबईच्या गिरण्या युद्धामुळे रात्रंदिवस चालत. त्यामुळे कामगाराला महागाईभत्ता मिळे व मनिऑर्डर थोडी फुगलेली येई. परंतु बाजारात तांदूळच नसेल, तर फुगलेली मनिऑर्डर काय शिजवावयाची होती? मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. शेतकऱ्यांकडून ठरलेल्या भावाने धान्य घेण्याची लेव्हीची पद्धतही मुंबई प्रांतात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा भयंकर स्फोट झाला, त्यात धान्याची कोठारेही जळाली. त्या आगोटीला चाकरमानी गावी परतले, ते बहुधा रिकाम्या हातांनी.

काटकसरीची ही हकिगत सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याच्या घरी थोडे तरी धान्य आहे, त्यालाच काटकसर करता येते. ज्याला जमीन नाही, कणगी नाही व मुडाही नाही, त्या मजुराने वाचवावयाचे काय? कुळाने पोटाला चिमटा घेऊन बांधावर चार रोपे अधिक लावली, तरी त्यांतूनही खोताचा वाटा जाई. ती पद्धत संपविणारा कायदा १९४९ साली झाला. घरातही सर्वांना सारखे मिळत नव्हते. पुरुष आणि मुले जेवल्यावर मडक्याच्या तळाशी जे पेजेचे पाणी उरे, त्यावर लावणीला उभ्या राहणाऱ्या बायकांची संख्या थोडी नव्हती. आणि लावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून करावयाचे काम. बंगालमध्ये तर १९४३ साली सुमारे ३० लाख माणसे भुकेने व त्यामागून आलेल्या रोगराईने मेली. तेथील शेतकऱ्याला काटकसर ठाऊक नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तांदळाचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले, नावा व धान्य सरकारने किनाऱ्यावरून हलविले, आणि मदत वेळेवर पोहोचली नाही. कोकणात टंचाई होती, पण असा आकांत झाला नाही. मनिऑर्डर येत राहिली, शहरात रेशन मिळू लागले आणि डोंगरावर नाचणी पिकली, या तिन्हींचा त्यात वाटा होता.

जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली. त्यावेळी कोकणात श्रावण महिना चालू होता; लावणी आटोपलेली आणि खाचरांतून पाणी तुडुंब भरलेले. युद्ध संपले म्हणून तांदूळ लगेच आला नाही. उलट १९४६ च्या आरंभी रेशनचे माणशी धान्य दिवसाला १२ औंसांवर उतरले. कंट्रोल कधी उठले, कधी पुन्हा बसले. परंतु त्या साली आश्विनात नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे व आंब्याची पाने यांचे ‘नवे’ नेहमीप्रमाणे घरोघरच्या दारांवर बांधले गेले. आणि कापणी झाल्यावर, खोताचा वाटा मोजण्यापूर्वी, थोरल्या बाईने सर्वांत टपोऱ्या लोंब्या निवडून बाजूला काढल्या. मुड्यासाठी नवा पेंढा अंगणात वाळत पडला होता.